ठिपक्यापुढचा अंक : सजल क्षाराच्या सूत्रनिश्चितीच्या शालेय मांडणीची चिकित्सा

सारांश

सजल क्षारातील स्फटिकजलाचे प्रमाण काढून त्याचे सूत्र निश्चित करणे हा माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयीन रसायनशास्त्रातील एक रूढ पाठ आहे. प्रस्तुत लेखात या पाठाच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा केली आहे. गणिताचे उत्तर पूर्णांकाजवळ येणे हाच सूत्राचा पुरावा मानला जातो, हे या मांडणीतील मूलभूत वैगुण्य होय. मोरचूद आणि हिराकस या परिचित क्षारांच्या आकडेमोडीतून असे दाखविले आहे की, चुकीच्या प्रयोगातूनही पूर्णांकाच्या अगदी जवळचे उत्तर निघू शकते. यास्तव ‘किती रेणू?’ या प्रश्नाआधी ‘नेमके काय गेले आणि ते कशावरून?’ हा प्रश्न विचारला जावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सजल क्षार, स्फटिकजल, मोल संकल्पना, पूर्णांक, प्रायोगिक त्रुटी, मूल्यमापन.

१. प्रस्तावना

स्फटिकजल हा विषय अभ्यासक्रमात लहान असला तरी त्याचे व्यवहारातील स्थान लहान नाही. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जो मोरचूद वापरतात, त्याच्या एका किलोग्रॅममध्ये सुमारे ३६१ ग्रॅम पाणी आणि अवघे २५४ ग्रॅमच्या आसपास तांबे असते. आपल्या प्रयोगशाळांत अनुमापनासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे ०.०५ मोलर प्रमाण द्रावण करताना एका लिटरला ६.३० ग्रॅम आम्ल घेतले जाते. हा आकडा त्या आम्लाच्या स्फटिकातील पाण्याचे दोन रेणू धरूनच आलेला असतो. ते दोन रेणू विसरून एखाद्याने ४.५० ग्रॅम आम्ल घेतले, तर द्रावणाची संहती ०.०५ ऐवजी ०.०३६ मोलरच्या आसपास राहील आणि त्यावर उभे राहणारे पुढचे प्रत्येक निरीक्षण चुकेल.

तात्पर्य, सूत्रातील ठिपक्यापुढे लिहिला जाणारा अंक हा नुसता पाठांतराचा भाग नव्हे. त्यावर वजनमापे अवलंबून असतात. हा अंक येतो कोठून आणि त्याची खात्री कशी पटते, हे शिकविण्याची संधी म्हणजे सजल क्षाराच्या सूत्रनिश्चितीचा पाठ. प्रत्यक्षात हा पाठ ती संधी साधतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. रूढ मांडणी आणि तिचे गुण

पाठ्यपुस्तके, मार्गदर्शिका व प्रश्नपेढ्या यांत या विषयावरील उदाहरण साधारणतः पुढील नमुन्याचे असते. ‘सजल कॉपर सल्फेटचा २.४९५ ग्रॅम नमुना तापविला असता १.५९५ ग्रॅम निर्जल क्षार शिल्लक राहिला. क्ष ची किंमत काढा.’ विद्यार्थी वजाबाकीने पाण्याचे वस्तुमान ०.९०० ग्रॅम काढतो, त्यास १८ ने आणि शिल्लक क्षारास १५९.५ ने भागतो. ०.०५ आणि ०.०१ हे मोल येतात, गुणोत्तर ५ येते आणि उदाहरण संपते.

या मांडणीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. मोल संकल्पनेचा इतका सुटसुटीत उपयोग अन्यत्र क्वचितच आढळतो. वस्तुमानांचे गुणोत्तर आणि रेणूंचे गुणोत्तर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला येथे प्रथमच स्वतःच्या हाताने पडताळता येते. शिवाय निळे स्फटिक पांढरे होताना पाहणे आणि त्यावर थेंबभर पाणी टाकताच निळा रंग परतताना पाहणे, हा शालेय रसायनशास्त्रातील अविस्मरणीय अनुभव आहे.

तथापि, या उदाहरणातील ‘१.५९५ ग्रॅम निर्जल क्षार शिल्लक राहिला’ हे वाक्य बारकाईने वाचले पाहिजे. तापविल्यानंतर जे उरले ते निर्जल क्षारच आहे, ही गोष्ट येथे प्रयोगाने सिद्ध झालेली नाही. ती उदाहरणातच देऊन टाकली आहे. वास्तविक या पाठातील खरी अवघड पायरी तीच आहे. तिच्याखाली किमान चार गृहीते दडलेली आहेत : मूळ नमुन्यातील पाणी आधीच काही अंशी उडून गेलेले नव्हते, तापविताना सर्व पाणी गेले, पाण्याखेरीज दुसरे काहीही गेले नाही, आणि थंड होताना गेलेले पाणी परत आले नाही. ही चारही गृहीते एका वाक्यात मान्य करून घेतल्यावर विद्यार्थ्याकडे उरतो तो केवळ भागाकार.

३. पूर्णांक हा पुरावा आहे काय?

विद्यार्थी आणि पुष्कळदा अध्यापकही उत्तराच्या योग्यतेची एकच कसोटी मानतात, ती म्हणजे उत्तर पूर्णांकाजवळ येणे. ४.९ आले की ५ लिहावे, ६.८ आले की ७ लिहावे. ही कसोटी कितपत विश्वसनीय आहे, हे पाहण्यासाठी मोरचुदाचा २.५० ग्रॅम नमुना घेऊन निरनिराळ्या परिस्थितींत आकडे कसे येतील, ते पाहू. मोरचुदाचे मोलर वस्तुमान २४९.७ व निर्जल कॉपर सल्फेटचे १५९.६ धरले आहे.

प्रयोग निर्दोष झाला तर १.६० ग्रॅम क्षार उरेल, ०.९० ग्रॅम पाणी जाईल आणि क्ष ५ येईल.

आता असे समजू की तापविणे अपुरे झाले. मोरचुदातील पाण्याचे पाचही रेणू एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. चार रेणू १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानापर्यंत सुटतात. पाचव्यासाठी तापमान २०० अंशांच्या पुढे न्यावे लागते. पहिले चारच रेणू गेले असता १.७८ ग्रॅम पदार्थ उरेल. तो निर्जल क्षार आहे असे मानून गणित केल्यास क्ष ची किंमत ३.६ येईल आणि ‘जवळचा पूर्णांक’ या न्यायाने विद्यार्थी ४ लिहील.

तिसऱ्या परिस्थितीत तापविणे पूर्ण झाले, परंतु क्रूसिबल उघड्यावर थंड केले. निर्जल कॉपर सल्फेट हवेतील बाष्प शोषून घेते. त्याने ०.०५ ग्रॅम पाणी परत घेतले तर क्ष ४.६ च्या आसपास येईल. येथे पूर्णांकाचा नियम ५ हे बरोबर उत्तर देतो. परंतु त्याच वेळी प्रयोगातील दोष झाकून टाकतो.

चौथी परिस्थिती सर्वाधिक बोधप्रद आहे. मोरचूद अति तीव्र ज्योतीवर दीर्घकाळ तापविल्यास, ६०० अंशांच्या पुढे, खुद्द कॉपर सल्फेटचे विघटन होते. गंधकाचे ऑक्साइड निघून जाते आणि काळे कॉपर ऑक्साइड उरते. विघटन पूर्ण झाल्यास २.५० ग्रॅम नमुन्यातून सुमारे ०.८० ग्रॅम पदार्थ उरेल. उरलेला पदार्थ निर्जल क्षार आणि गेलेले सर्व वस्तुमान पाण्याचे, असे मानून गणित केल्यास क्ष ची किंमत १८.९५ येते. हे उत्तर १९ या पूर्णांकाच्या, पहिल्या वर्गातील विद्यार्थ्याच्या ४.९ या उत्तराइतकेच, किंबहुना अधिक जवळ आहे.

हा मोरचुदाचा अपवाद म्हणून सोडून द्यावा तर हिराकसही तेच सांगतो. हिराकसात, म्हणजे सजल फेरस सल्फेटमध्ये, पाण्याचे सात रेणू असतात. तीव्रपणे तापविल्यास पाण्यापाठोपाठ सल्फर डायऑक्साइड व सल्फर ट्रायऑक्साइड हे वायूही बाहेर पडतात आणि तांबूस फेरिक ऑक्साइड उरते. सर्व घट पाण्याची मानल्यास क्ष ची किंमत २०.९३ येते, म्हणजे जवळपास २१. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात फेरस सल्फेट तापवून त्याचे विघटन पाहण्याची कृती एका प्रकरणात आहे, तर मोरचूद तापवून स्फटिकजल दाखविण्याची कृती लगतच्या प्रकरणात आहे. एके ठिकाणी तापविणे म्हणजे विघटन आणि दुसऱ्या ठिकाणी तापविणे म्हणजे निर्जलीकरण. या दोहोंमधील सीमारेषा कोणती, हा प्रश्न अध्यापनात मुद्दाम उपस्थित केल्याखेरीज विद्यार्थ्याला पडत नाही.

१९ आणि २१ हे पूर्णांक निव्वळ योगायोगाने जुळतात. परंतु युक्तिवादाच्या दृष्टीने हा योगायोगच महत्त्वाचा आहे. पूर्णांक हा गणिताचा गुण आहे, गृहीतांच्या सत्यतेचा नव्हे. मोरचुदाच्या बाबतीत कोणी विद्यार्थी १९ हे उत्तर मान्य करणार नाही, असा प्रतिवाद होईल आणि तो खरा आहे. मात्र तो ते नाकारील ते ५ हा अंक त्याला आधीच पाठ आहे म्हणून. प्रयोगाने त्याला तसे सांगितले म्हणून नव्हे. अपरिचित क्षार हाती दिल्यास हे संरक्षण उरत नाही. जी पद्धती केवळ उत्तर ठाऊक असतानाच चूक पकडू शकते, तिला सूत्रनिश्चितीची पद्धती म्हणणे कठीण आहे.

४. मोजमापाची मर्यादा

पूर्णांकाला जवळ करण्याचा अधिकार मोजमापाच्या अचूकतेतून मिळतो. ही अचूकता किती, याचा हिशेब शालेय मांडणीत सहसा केला जात नाही. ज्या तराजूचे लघुत्तम माप ०.०१ ग्रॅम आहे, त्यावर २.५० ग्रॅम मोरचूद घेतल्यास, केवळ अखेरच्या वजनातील ०.०१ ग्रॅमच्या फरकाने क्ष ०.०९ ने बदलतो. येथे ५ आणि ४ यांत भेद करणे निर्धोक आहे. त्याच तराजूवर ०.५० ग्रॅम नमुना घेतल्यास हा बदल ०.४ च्या पुढे जातो. आरंभीच्या वजनातील त्रुटी तीत मिळविली की ४, ५ आणि ६ यांपैकी कोणताही निष्कर्ष प्रामाणिकपणे काढता येत नाही. रसायनांची बचत म्हणून नमुना लहान घेतला जातो. परंतु त्या बचतीची किंमत निष्कर्षाला मोजावी लागते, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही.

धुण्याच्या सोड्याचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. त्यात पाण्याचे दहा रेणू असतात. २.५० ग्रॅम नमुन्यासाठी वरील ०.०१ ग्रॅमची त्रुटी क्ष मध्ये ०.१७ चा फरक पाडते. त्यातच हे स्फटिक कोरड्या हवेत आपोआप पाणी गमावून भुकटी होतात. बरणी वारंवार उघडली गेली असेल तर तापविण्यापूर्वीच नमुना दहा रेणूंचा राहिलेला नसतो. अशा वेळी आलेले ८ हे उत्तर चूक नसून त्या बरणीचे खरे वर्णन असू शकते. प्रचलित मूल्यमापनात मात्र त्याला गुण नाहीत.

५. ठिपका काय सांगतो?

शालेय मांडणीतील दुसरी उणीव सूत्राच्या अर्थाविषयी आहे. क्षार आणि पाणी यांमध्ये ठिपका देऊन लिहिलेले सूत्र हे केवळ प्रमाणाचे विधान असते. पाणी स्फटिकात कोठे व कसे बांधलेले आहे, हे ते सांगत नाही. आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सहसंयोजनाच्या सिद्धान्ताने या ठिपक्याआडच्या रचनेचा विचार शक्य केला. क्ष-किरणांचे विवर्तन १९१२ मध्ये लाऊए, फ्रीडरिख व क्निपिंग यांनी प्रथम दाखविले तेही मोरचुदाच्याच स्फटिकावर. पुढे १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी या स्फटिकाची रचना उलगडली. पाण्याचे चार रेणू तांब्याच्या आयनाशी थेट जोडलेले असतात; पाचवा तांब्याशी जोडलेला नसून हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेला असतो. म्हणजेच ५ हा अंक वस्तुतः ४ आणि १ यांची बेरीज आहे. हिराकसातील ७ हाही तसाच ६ आणि १ यांचा आहे.

अंक पूर्णच असला पाहिजे, हा समजही ठिपक्याच्या अपुऱ्या आकलनातून येतो. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सूत्रात कॅल्शियम सल्फेटच्या एका सूत्र-एककामागे पाण्याचा अर्धा रेणू लिहिला जातो. याचा अर्थ पाण्याचा रेणू दुभंगला असा नसून, दोन सूत्र-एककांमागे एक रेणू असतो. जवळच्या पूर्णांकाचा नियम काटेकोरपणे लावणाऱ्या विद्यार्थ्याला येथे ० किंवा १ लिहावे लागेल. पहिल्या उत्तराने प्लास्टर निर्जल ठरेल, दुसऱ्याने ते जिप्समच्या अर्ध्यापर्यंत जाईल. दोन्ही उत्तरे असत्य आहेत. तुरटीच्या बाबतीत तर एकाच पदार्थाचे सूत्र काही पुस्तकांत १२ आणि काहींत २४ रेणूंचे आढळते. सूत्र-एकक दुप्पट लिहिले की अंक दुप्पट होतो. पदार्थ तोच राहतो. यावरून क्ष ही निसर्गातील मोजदाद नसून आपण निवडलेल्या एककाशी असलेले गुणोत्तर आहे, ही गोष्ट विद्यार्थ्याला सहज पटवून देता येईल. पाठ्यपुस्तकांत या तिन्ही गोष्टी असतात. मात्र त्या वेगवेगळ्या पानांवर राहतात.

६. स्वतंत्र पद्धतीची साक्ष

मग क्ष ची खात्री कशी पटावी? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर महाविद्यालयीन प्रयोगशाळेतच आहे. पहिली गोष्ट म्हणजे स्थिर वस्तुमान. तापविणे, डेसिकेटरमध्ये थंड करणे व वजन करणे हा क्रम लागोपाठची दोन वजने जुळेपर्यंत करावा. यामुळे अपुरे तापविणे बहुतांशी उघडकीस येते. बहुतांशी म्हणण्याचे कारण असे की, तापमान १५० अंशांवरच राहिले तर चार रेणू गेल्यावरही वजन स्थिर होते.

म्हणून दुसरी, स्वतंत्र गृहीतांवर आधारलेली पद्धती आवश्यक ठरते. मोरचुदातील तांबे आयोडीन-थायोसल्फेट अनुमापनाने मोजता येते. एक ग्रॅम शुद्ध मोरचुदास ०.१ मोलर थायोसल्फेटचे सुमारे ४० मिलिलिटर लागतात. हिराकसाच्या एका ग्रॅमला आम्लयुक्त द्रावणात ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटचे सुमारे ३६ मिलिलिटर लागतात. त्यावरून फेरस सल्फेटचे वस्तुमान काढून उरलेले पाणी मानल्यास क्ष ७ येतो. येथे नमुना तापविलाच जात नाही.

अर्थात अनुमापनही गृहीतांपासून मुक्त नाही. जुन्या हिराकसातील काही लोह हवेने फेरिक अवस्थेत गेलेले असते. परमँगनेट ते मोजत नाही आणि हिशेबात ते पाणी म्हणून गणले जाते. परंतु तापविण्याच्या पद्धतीची गृहीते आणि अनुमापनाची गृहीते भिन्न आहेत. दोन्ही पद्धती एकाच अंकाशी आल्या, तर तो अंक योगायोगाचा असण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. आणि त्या भिन्न अंकांशी आल्या, तर त्या भिन्नतेचे कारण शोधणे हाच त्या दिवसाचा खरा पाठ ठरतो.

ज्या शाळांत अनुमापनाची सोय नाही, तेथे कोणत्याही वाढीव खर्चाशिवाय करता येण्यासारखा एक उपाय आहे. प्रत्येक गटाने मोरचुदाचे वेगवेगळे वस्तुमान घ्यावे आणि संपूर्ण वर्गाची निरीक्षणे एकाच आलेखावर मांडावीत. आडव्या अक्षावर उरलेले व उभ्या अक्षावर गेलेले वस्तुमान घेतल्यास, निर्दोष निरीक्षणे आरंभबिंदूतून जाणाऱ्या ०.५६ चढाच्या सरळ रेषेवर येतील. अपुरे तापविलेले नमुने रेषेखाली आणि विघटित झालेले रेषेवर दिसतील. एकाच वजनातून न दिसणारा दोष दहा गटांच्या निरीक्षणांतून दिसतो.

७. एक आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेतला जाईल की, शालेय स्तरावर इतकी गुंतागुंत विद्यार्थ्यास पेलणार नाही. तासिका मोजक्या, तराजू थोडे आणि वर्ग मोठे असतात. हा आक्षेप गंभीर आहे आणि अध्यापकांच्या अनुभवातून आलेला आहे. परंतु प्रस्तुत लेखात अधिक गणिताची मागणी केलेली नाही. ‘काळा पदार्थ कशाचा असावा?’, ‘वजन पुन्हा का करावे?’, ‘उरलेले पांढरे चूर्ण झाकून का ठेवावे?’ हे प्रश्न भागाकारापेक्षा कठीण नाहीत.

खरी अडचण मूल्यमापनाची आहे. ज्या परीक्षेत ५.०० या उत्तरास पूर्ण गुण आणि ४.६ या उत्तरास कमी गुण मिळतात, त्या परीक्षेत विद्यार्थी आधी ५ लिहितो आणि मग उलटे गणित करून निरीक्षणे भरतो. प्रथम वर्षाच्या प्रयोगवह्यांत सर्वच गटांची निरीक्षणे संशयास्पद रीतीने जुळलेली दिसतात, हा अनुभव रसायनशास्त्राच्या बहुतेक अध्यापकांस नवा नसावा. हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पूर्णांकालाच पुरावा मानण्याची शिकवण आपणच दिली आहे आणि निरीक्षणे जुळविणे हा तिचा तर्कसंगत परिणाम आहे. ४.६ लिहून ‘क्रूसिबल उघडे राहिले, म्हणून पाणी परत शोषले गेले असावे’ असे कारण देणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण मिळतील, एवढा बदल गुणदान तक्त्यात केला तरी परिस्थिती पालटू शकेल.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. सजल क्षाराच्या सूत्रनिश्चितीचा पाठ मोल संकल्पनेच्या दृष्टीने मौलिक आहे. तथापि त्याच्या रूढ मांडणीत प्रयोगातील निर्णायक गृहीते उदाहरणाच्या शब्दरचनेतच मान्य करून घेतली जातात. पूर्णांक उत्तर हा त्या गृहीतांचा पुरावा नाही, हे मोरचुदाच्या १९ व हिराकसाच्या २१ या आकड्यांवरून स्पष्ट होते. त्रुटीचा हिशेब, स्थिर वस्तुमान, स्वतंत्र पद्धतीने पडताळणी आणि सकारण निरीक्षणास गुण, या चार गोष्टींनी हा पाठ खऱ्या अर्थाने प्रायोगिक होऊ शकतो. यांपैकी चौथी गोष्ट सर्वस्वी अध्यापकांच्या हाती आहे आणि तिच्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही. आरंभ तेथूनच व्हावा, अशी अपेक्षा आहे.